हयात परवानाधारक

दौलत निमगड्यांचा उजवा तळहात चालत होता, तोवर कुंदाच्या घरची चूल पेटत होती. तसा तो हात दुसऱ्या कशाच्या कामाचा राहिला नव्हता. पाना धरला तर थरथरायचा, चहाची बशी उचलली तर अर्धा चहा लेंग्यावर सांडायचा. पण गच्चीवरच्या एखाद्या मोठ्या वातानुकूलन यंत्राजवळ जाऊन दौलतने तो काळ्या काचेवर टेकवला, की हिरवा दिवा लागायचा, आतलं कुलूप खट्‌कन उघडायचं आणि मग कुंदा पदर खोचून कामाला बसायची.

चंद्रपुरात सगळे त्याला दौलतमिस्त्री म्हणायचे. परवाना सासऱ्याचा आणि काम सुनेचं, हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. त्यावर कुणी काही बोलत नसे, कारण कायद्याला फक्त एवढंच हवं होतं की परवानाधारक माणूस जिवंत, जागेवर आणि जबाबदारीला तयार असावा. दौलत तिन्ही होता.

हा कायदा उगाच आला नव्हता. पूर्वीच्या यंत्रांमध्ये जो गॅस असे, तो हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता धरून ठेवायचा. खोली गार करायची आणि पृथ्वी तापवायची, असा तो उद्योग होता. म्हणून जगभर तो गॅस बंद झाला आणि त्याच्या जागी प्रोपेन आला. प्रोपेन हवेला फारसा त्रास देत नाही, गारवाही उत्तम देतो. पण तो पेटतो. घरातल्या छोट्या यंत्रात तो मूठभर असतो, त्याची भीती नाही. दवाखाने, वसतिगृहं, मोठी सभागृहं यांच्या गच्चीवरच्या यंत्रांत मात्र तो भरपूर असतो. एका लग्नाच्या हॉलमध्ये कुणा अर्धवट शिकलेल्या माणसाने गळका सांधा तसाच ठेवून गॅस भरला आणि ऐन पंगतीत भडका उडाला. कितीतरी माणसं गेली. त्यांत वायरिंग पाहायला आलेला हेमराजही होता. दौलतचा एकुलता एक मुलगा, कुंदाचा नवरा.

त्यानंतर शीतन सुरक्षा मंडळ स्थापन झालं आणि मोठ्या यंत्रांना कुलपं बसली. कुलपाची काच तळहातावर अवरक्त प्रकाश टाकायची. शिरांमधलं रक्त तो प्रकाश शोषतं, त्यामुळे कातडीखालचं शिरांचं जाळं काचेला काळ्या रेघांसारखं दिसतं. हे जाळं दोन माणसांचं सारखं नसतं. शिवाय रक्त वाहतंय की नाही, नाडीचे ठोके पडतात की नाही, हेही ती काच पाहायची. म्हणजे तळहाताचा साचा करून भागायचं नाही, माणूसच लागायचा.

सुरुवातीला परवानाधारक वारला तर त्याच्या यंत्रांना काही काळ सवलत मिळत असे. मग मेलेल्या माणसांच्या नावावर धंदे चालू लागले, आणखी एक स्फोट झाला आणि सवलत गेली. आता प्रत्येक यंत्रामागे एक जिवंत जबाबदार माणूस हवा. त्याचा परवाना रद्द झाला किंवा त्याच्या मृत्यूची नोंद झाली, की त्याच्या नावावरची सगळी यंत्रं आपापला गॅस टाकीत ओढून घेत, झडप लावत आणि गप्प बसत. दुसऱ्या परवानाधारकाने येऊन प्रत्येकावर तळहात टेकवेपर्यंत ती हलायची नाहीत.

दौलतच्या नावावर अशी चाळीसेक यंत्रं होती. त्यांतलं एक सरकारी प्रसूतिगृहावर होतं, एक वृद्धाश्रमावर, बाकीची वसतिगृहांवर आणि उन्हाच्या लाटेत लोकांनी आसऱ्याला यावं म्हणून वस्त्यांमध्ये गार ठेवलेल्या शीतघरांवर.

कुंदाला स्वतःचा परवाना का नव्हता, हा त्या घरातला दुखरा विषय होता. परीक्षेला बसायला परवानाधारकाच्या हाताखाली केलेल्या कामाचा अनुभव लागायचा, आणि तो अनुभव कुलपातच नोंदला जायचा. कुलूप उघडलं की यंत्र विचारायचं, “काम कोण करणार?” दौलत दर वेळी काचेकडे तोंड करून म्हणायचा, “स्वतः.” कुंदा शेजारी पाना घेऊन उभी असायची.

“मामाजी, एकदा तरी माझं नाव घ्या ना,” ती म्हणायची.

“घेऊ, घेऊ. काहून घाई करून राहिली?”

उन्हाळ्याच्या तोंडाला मात्र तिचा धीर सुटला. वृद्धाश्रमाचं काम आटोपून दोघं मालवाहू रिक्षात बसत होती. दौलतला एक जिना उतरताना तीनदा थांबावं लागलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला जिने चढायची बंदीच केली होती.

“उद्या तुमाले काही झालं तर मी काय करू?” ती म्हणाली. “तुमच्यामागं मी कोण? एवढी वर्षं घासली, अन् कागदावर मी नुसती डब्बा आणणारी बाई. तुमाले भीती वाटते, माझा परवाना आला की तुमाले कोणी विचारणार नाही. खरं ना?”

दौलत समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला. “रिक्षा चालव,” एवढंच म्हणाला.

त्यानंतर बरेच दिवस दोघं कामापुरतं बोलत होती.

जूनच्या सुरुवातीला ती हवा आली. चंद्रपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक नाही. कांदा खिशात, दुपट्टा कानाला, पन्हं पोटात, की तो निघाला कामाला. पण हे ऊन वेगळं होतं. आकाश पांढुरकं, वारा पडलेला आणि हवेत असा दमटपणा, की वाळत घातलेले कपडे संध्याकाळीही ओलेच.

माणसाचं अंग घामाने गार राहतं. घाम वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कोरड्या हवेत तो भराभर वाळतो, दमट हवेत वाळतच नाही. म्हणून शास्त्रज्ञ थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तापमान मोजतात. त्या फडक्यापेक्षा जास्त गार माणसाचं अंग घामाच्या जोरावर होऊच शकत नाही. हे ओल्या फडक्याचं तापमान पस्तीस अंशांजवळ पोचलं, की सावलीत नुसता बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत मरतो. पंखा लावा, पाणी प्या, उपयोग नाही. फक्त गार केलेली खोली वाचवते.

त्या आठवड्यात फडकं तिथवर जाऊन पोचलं होतं. महानगरपालिकेचे भोंगे सकाळीच वाजत आणि वस्त्यावस्त्यांमधून माणसं चटया, तान्ही पोरं, म्हातारे घेऊन शीतघरांकडे निघत. यंत्रं दिवसरात्र धापा टाकत चालत. ती बंद पडू लागली. परवानाधारक तरी किती होते? दोघे स्वतःच उष्माघाताने दवाखान्यात पडले होते, एक सहकुटुंब डोंगरात निघून गेला होता. उरलेल्यांचे फोन लागत नव्हते.

कुंदा आणि दौलत पहाटेच निघत. कुंदा त्याच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकी, छत्री धरी, जिना चढताना पाठीला हात लावी. तो काही तक्रार करीत नसे. पण त्याच्या ओठांचा रंग जांभळट होत चाललेला ती बघत होती. बघत होती आणि तरी पुढच्या गच्चीवर नेत होती.

खदान वस्तीतून खुशाल आत्रामचा फोन आला तेव्हा दौलत रिक्षाच्या मागच्या बाजूला आडवा पडला होता. खुशाल तिथल्या शीतघराची देखभाल करायचा. एरवी मोठा गमत्या माणूस; त्याच्या आवाजात आज ओळखू न येण्याइतकी भीती होती.

“वहिनी, मशीन बंद पडली. आत दोनेकशे माणसं आहेत. बाया बेशुद्ध पडून राहिल्या. मंडळाला फोन केला, तर ते म्हणतात तुमचा परवानाधारक उपलब्ध दाखवतो, त्यालाच बोलवा.”

“दुसऱ्या शीतघरात न्या ना लोकांना.”

“बाहेर काढले तर रस्त्यातच मरतील. अन् ती सगळी भरली आहेत.”

कुंदाने मागे वळून पाहिलं. दौलतचे डोळे उघडे होते.

“चाल,” तो म्हणाला.

शीतघर म्हणजे जुन्या खाणीच्या कामगारांचं सभागृह होतं. दार उघडताच आतून माणसांच्या अंगाची गरम वाफ तोंडावर आली. जमिनीवर माणसं एकमेकांना चिकटून पडली होती. रडणंही थांबलं होतं. डॉ. फरहीन शेख या तिथे नेमलेल्या तरुण डॉक्टर सलाईनची बाटली एका हातात उंच धरून दुसऱ्या हाताने कुणाची तरी नाडी पाहत होत्या. दौलतला पाहून त्या उठल्या, त्याच्या मानेला हात लावला आणि कुंदाला बाजूला घेतलं.

“यांना ताप एकशे चारच्या वर आहे. नाडी अनियमित आहे. यांना गच्चीवर नेऊ नका. मी अँब्युलन्स मागवते. प्रसूतिगृहाच्या आवारात गार कक्ष आहे, तिथे वाचू शकतील.”

“आणि हे लोक?”

फरहीननी फोन काढून अँब्युलन्सचा नंबर लावला.

कुंदाला दुसरा रस्ता माहीत होता, जसा या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतो. कटरने कुलूप कापायचं. कापायला क्षणभर पुरे. पण कापलेलं कुलूप त्याच क्षणी मंडळाला कळवतं, परवाना आपोआप रद्द होतो आणि त्या परवान्यावरची सगळी चाळीस यंत्रं थांबतात. प्रसूतिगृहात काचेच्या पेट्यांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळं होती. वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेले म्हातारे होते. इथले दोनशे वाचवायला तिथले किती मारायचे?

ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं.

“कुंदा,” दौलतने हाक मारली. “विचार काहून करते? मले वर ने.”

“मामाजी, डॉक्टर म्हणतात...”

“डॉक्टरले आपलं काम माहीत आहे. मले माझं. उचल.”

खुशालने त्याला पाठुंगळी घेतलं. फरहीन सलाईन घेऊन मागोमाग निघाल्या. जाताना त्यांनी खाली पडलेल्या लोकांकडे एकदा पाहिलं आणि ओठ आवळले.

गच्चीवर पाय ठेववत नव्हता. खुशालने ताडपत्री बांधली, खाली ओली पोती अंथरली. दौलतला यंत्राला टेकवून बसवलं. कुंदाने त्याचा तळहात पुसला आणि काचेवर ठेवला. हिरवा दिवा लागला.

“काम कोण करणार?” यंत्राने विचारलं.

दौलतने श्वास गोळा केला. “कुंदा हेमराज निमगडे,” तो म्हणाला.

कुंदाचा हात पान्यावरच थांबला.

“तू म्हणत होती, मले कोणी विचारणार नाही म्हणून नाव घेत नाही,” दौलत हळूहळू बोलत होता. “तसं नाही बाई. परवाना आला असता तर तू एकटी गेली असती गॅसच्या कामाले. मी सोबत नसतो. हेमराजले मी असाच एकट्याले पाठवला होता. म्हणून जीभ उचलत नव्हती.”

“आता काहून सांगता हे?” तिचा आवाज चिरकला. “हे घरी सांगायचं होतं. कितीतरी वर्षांआधी सांगायचं होतं!”

“होय. चुकलंच. काम कर.”

ती रडत, नाक बाहीला पुसत कामाला लागली. गळती शोधायला वेळ लागला नाही. अखंड चालून चालून तांब्याच्या नळीचा एक सांधा थरथरून तडकला होता. गळती कळताच यंत्राने ओढून घेतलेला गॅस टाकीत सुरक्षित होता. तिने नळ्या नायट्रोजनने धुऊन घेतल्या, म्हणजे आत प्रोपेनचा अंशही राहू नये. तडकलेला भाग कापला. तिथे आगीशिवाय, नुसतं दाबून बसणारं पितळी कडं चढवायचं होतं. घाम डोळ्यांत जात होता. हत्यारं हाताला चटके देत होती. पहिलं कडं तिरकं बसलं.

“तिरकं झालं,” ती स्वतःशीच म्हणाली. “चालेल का? चालेल.”

“नाही चालत,” दौलत डोळे मिटूनच म्हणाला. “खाली माणसं आहेत.”

तिने ते कापून टाकलं, पुन्हा नळी सरळ केली, पुन्हा कडं चढवलं. आता नळ्यांमधली हवा आणि ओल पंपाने खेचून घ्यायची होती. याला घाई करता येत नाही. काटा खाली जायला जेवढा वेळ घेतो तेवढा घेतोच. दर थोड्या वेळाने लाल दिवा लुकलुकायचा आणि कुलूप तळहात मागायचं. कुंदा दौलतचा हात उचलून काचेवर ठेवायची.

फरहीन त्याच्या छातीवर ओली फडकी ठेवत होत्या. “अँब्युलन्स खाली आली आहे,” त्या म्हणाल्या. “आत्ता नेलं तर अजून आशा आहे. मी तुम्हाला सांगणं माझं कर्तव्य आहे.”

कुंदाने पंपाच्या काट्याकडे पाहिलं. निम्म्यावर आला होता. आत्ता हात काढला तर कुलूप बंद, सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा करायला हात कुठून आणायचा?

“मामाजी?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही अशी हलवली. बोलणं त्याला जमत नव्हतं. आणि कुंदाने त्याला जाऊ दिलं नाही. पुढे तिला कुणी काहीही समजावलं तरी ती हे असंच सांगायची: त्यांनी नाही म्हटलं, पण ठेवून मी घेतलं.

काटा तळाशी गेला. आता टाकीची झडप उघडायची, की झालं. लाल दिवा लागला. कुंदाने तळहात काचेवर ठेवला. दिवा लालच राहिला.

“पुन्हा ठेवा,” खुशाल म्हणाला.

पुन्हा ठेवला. लालच. काचेला शिरा दिसत होत्या, पण नाडी सापडत नव्हती. दौलतचं शरीर उरलंसुरलं रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे ओढून घेत होतं. हातापर्यंत ठोका पोचतच नव्हता.

फरहीननी एक क्षण डोळे मिटले. मग त्या झटकन म्हणाल्या, “पाय वर उचला. उंच. आणखी.” खुशालने दौलतचे पाय खांद्यावर घेतले. फरहीननी सलाईनची पिशवी दोन्ही हातांनी दाबली. कुंदा त्याचा हात मनगटापासून बोटांकडे चोळू लागली, लहान मुलाला तेल लावावं तशी. “मामाजी, एवढं एक. एवढं एकच द्या. मग मी काहीच मागत नाही.”

हिरवा दिवा लागला.

तिने झडप उघडली. कॉम्प्रेसर घरघरला, अडखळला आणि चालू झाला.

त्याला खाली आणलं तेव्हा अँब्युलन्स निघून गेली होती. तिला दुसरीकडून बोलावणं आलं होतं. सभागृहात झरोक्यांतून गार हवा पडू लागली होती. माणसं हलू लागली. कुणी पाणी मागितलं, एक मूल मोठ्याने रडलं, तसं त्याच्या आईने त्याचे मुकेच घेतले. एका बाजूला सामानाची छोटी खोली होती, जिथे हवा सगळ्यांत गार येई. तिथे दौलतला निजवलं. कुंदा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्याने एकदा डोळे उघडले. वर झरोक्याकडे पाहिलं. मग छाती वर आली, खाली गेली आणि पुन्हा वर आली नाही.

कुंदाच्या तोंडून हंबरडा फुटणार, तोच तिने स्वतःच्या हाताने तोंड दाबून धरलं.

फरहीन दाराशी आल्या होत्या. त्यांनी पाहिलं.

“डॉक्टर,” कुंदा कुजबुजली, “नोंद करू नका.”

“कुंदाताई, मृत्यू झाला की ताबडतोब नोंद करावी लागते.”

“केली तर चाळीस यंत्रं थांबतील. हेसुद्धा. आत्ता चालू केलेलं. अन् बाळं...” तिला पुढे बोलवेना. “दुसरा कोणी येईस्तोवर. पाया पडते.”

फरहीननी उंबऱ्यातून बाहेर सभागृहात पडलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यांचं सगळं शिक्षण, घेतलेली शपथ, पुढचं आयुष्य त्या एका नोंदीवर येऊन ठेपलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, “मी खोटं लिहिणार नाही. पण मी यांना अजून तपासलेलं नाही. बाहेर खूप पेशंट आहेत.” आणि दार ओढून घेऊन निघून गेल्या.

कुंदाला रडता येत नव्हतं. वाऱ्यावर गेलेला एक हुंदकाही कुणाच्या फोनवरून कुठे पोचेल, याचा भरवसा नव्हता. खुशालला तिने सांगितलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि मग मंडळाला, महानगरपालिकेला, दिसेल त्याला फोन करत सुटला: आमचा मिस्त्री आजारी आहे, त्याची यंत्रं कोणीतरी ताब्यात घ्या. शेवटी मंडळाने एका परवान्यावर किती यंत्रं असावीत याची मर्यादा शिथिल केली आणि नागपूरहून एक माणूस निघाल्याचं कळवलं.

तोवर वस्तीतली शेवंताबाई नावाची म्हातारी त्या खोलीत येऊन बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने दौलतच्या अंगावर नीट चादर ओढली, पायाशी बसली, आणि दाराशी कुणी डोकावलं की मोठ्याने म्हणायची, “दौलतदादा, पडून राहा बापा, थकले तुमी.” हळूहळू डोकावणारे थांबले. सगळ्यांना कळलं होतं. दोनशे माणसं त्या सभागृहात होती आणि कुणीही एक शब्द बोललं नाही.

नागपूरचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. किशोर कुर्वे त्याचं नाव. पोरसवदा चेहरा, झोप न झालेली, स्वभावाने सज्जन. कुंदा त्याला आधी प्रसूतिगृहावर घेऊन गेली. त्याने काचेवर तळहात ठेवला. हिरवा दिवा लागला आणि यंत्राने, कायद्याने ठरवून दिलेल्या शांत आवाजात, विचारलं, “पूर्वीचे परवानाधारक हयात आहेत का? कुटुंबातील व्यक्तीने उत्तर द्यावे.”

कुंदाला हे माहीत नव्हतं. दौलतच्या नावावरचं यंत्र आजवर दुसऱ्या कुणाकडे गेलंच नव्हतं.

खाली कुठेतरी एक बाळ बारीक आवाजात रडत होतं. इथे “नाही” म्हटलं, की हे एक यंत्र कुर्वेच्या नावावर चढेल आणि बाकीची सगळी बंद पडतील.

“होय,” कुंदा म्हणाली. “हयात आहेत.”

मग वृद्धाश्रम. मग मुलींचं वसतिगृह. मग एकामागून एक शीतघरं. प्रत्येक गच्चीवर तोच प्रश्न आणि प्रत्येक गच्चीवर तेच उत्तर. पहिल्यांदा खोटं बोलताना तिने नजर खाली घातली होती. नंतर नंतर तिला ते सांगताना वाटू लागलं, की आपण म्हणतोय तोवर ते खरंच आहेत. रिक्षात मागे आडवे पडलेत, आता हाक मारतील.

“तुमचे सासरे फार आजारी आहेत का?” दोन यंत्रांच्या मधल्या वाटेत कुर्वेने विचारलं. “मला त्यांना भेटायला आवडलं असतं. यंत्रांची काय निगा ठेवली आहे! सांधे बघितले मी. असं काम आजकाल कोण करतं?”

“झोपलेत ते,” कुंदा म्हणाली.

कुर्वेने तिच्याकडे पाहिलं. तिच्या लालबुंद पण कोरड्या डोळ्यांकडे. त्यानंतर त्याने काहीच विचारलं नाही. फक्त पुढच्या गच्चीवर यंत्राने प्रश्न विचारला, तेव्हा त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

एक यंत्र बिघडलेलं निघालं, एका इमारतीची किल्ली मिळेना. काम त्या दिवशी संपलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा एकच यंत्र उरलं होतं. कुंदाने मुद्दामच ते शेवटी ठेवलं होतं. खदान वस्तीतलं.

दोघं गच्चीवर चढली. पोती वाळून तशीच पडली होती. यंत्र सुरळीत चाललं होतं. नळीवरचं पितळी कडं उन्हात चकाकत होतं. कुर्वेने काचेवर तळहात ठेवला. दिवा हिरवा झाला.

“पूर्वीचे परवानाधारक हयात आहेत का?”

कुंदाने तोंड उघडलं. दोन दिवस जिभेवर बसलेला शब्दच आधी आला. तिने तो गिळला. तिला कळेना, आपल्याला नक्की कशाची भीती वाटतेय. आता कुठलंही यंत्र थांबणार नव्हतं. सगळी कुर्वेच्या नावावर गेली होती. आता खरं बोलायला काही हरकत नव्हती. खरं बोललं की मात्र ते खरं होणार होतं.

“कुटुंबातील व्यक्तीने उत्तर द्यावे,” यंत्र पुन्हा म्हणालं.

“ताई,” कुर्वे हळूच म्हणाला, “मी जरा तिकडे उभा राहू का?”

“नको. थांबा.” तिने यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा आतल्या आत थरथरत होता.

“नाही,” ती म्हणाली. “नाहीत ते. गेले माझे मामाजी.”

दिवा हिरवाच राहिला. यंत्रावरचं नाव बदललं. कुंदा तिथेच, तापलेल्या गच्चीवर बसली आणि दोन दिवस घशात धरून ठेवलेलं रडणं मोकळं सोडलं. ते जिन्यातून खाली सभागृहात गेलं. खाली शेवंताबाईने दौलतच्या तोंडावर चादर ओढली आणि तीही रडू लागली. मग शेजारची बाई, मग आणखी एक, मग भिंतीशी बसलेले पुरुष. डॉ. फरहीन त्या छोट्या खोलीत गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी दौलतला तपासायला स्टेथोस्कोप कानाला लावला.

वरून गार हवा येतच होती.